सांगलीच्या आजारी आईंना न्यू जर्सीला आणायचंय: माहिती आणि मदत हवी आहे

केळफूल
नमस्कार मंडळी. धागा माझ्या घरचा नाही, आमच्या मंडळातल्या एका कुटुंबासाठी काढतेय. त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही दिलेलं नाही.

नवरा-बायको एडिसनजवळ राहतात. बायको इथेच लहानाची मोठी झालेली, नागरिक आहे. नवरा लग्नानंतर आला, त्याचं ग्रीन कार्ड साडेतीन वर्षांचं. मुलगा डे-केअरमध्ये. नवऱ्याची आई ७२ वर्षांची, सांगलीत एकटी. वडील नाहीत. बहीण बडोद्याला आहे, पण तिच्याकडे तिचेच सासरे अंथरुणाला खिळलेले. गणपतीच्या आधी आईंना स्ट्रोक आला, उजवी बाजू गेली. मिरजेत ॲडमिट होत्या. आता काठी घेऊन, धरून धरून बाथरूमपर्यंत जातात. बोलताना शब्द अडतो, पण समजतं सगळं. मधुमेह जुना, किडनीचं क्रिएटिनिन तीनच्या आसपास. घरी ब्यूरोची चोवीस तासांची बाई आहे, म्हणजे असते आणि नसते. एक रुळली की दुसरी येते.

प्रश्न असे: सून नागरिक आहे, तर तिनेच अर्ज केला तर लवकर होईल का? आईंकडे दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा आहे, २०२९ पर्यंत चालेल. त्यावर आणा आणि इथेच ग्रीन कार्ड करा, असं चारजणांनी सांगितलंय. ते बरोबर आहे का? विम्याचं काय? आणि एवढा विमानप्रवास झेपेल का? वकिलाकडे जाणारच आहेत, पण वकिलाला काय विचारायचं ते तरी ठाऊक हवं ना.

दुपारचा चहा
सुनेला सासूसाठी अर्ज करता येत नाही. संपला विषय. आय-१३० (नातेवाइकाला कायमचं बोलावायचा अर्ज) आईसाठी फक्त पोटच्या (किंवा रीतसर दत्तक, सावत्र वगैरे) मुलाला भरता येतो, तोही नागरिक आणि २१ वर्षांवरचा असेल तर. ग्रीन कार्डवाल्यालाही आईवडिलांसाठी भरता येत नाही. म्हणजे या घरातली किल्ली नवऱ्याचं नागरिकत्व ही आहे.

तो पाच वर्षं पूर्ण व्हायची वाट बघत बसला असेल तर त्याला सांगा, नागरिक जोडीदाराबरोबर संसार करणाऱ्याला तीन वर्षांतच एन-४०० (नागरिकत्वाचा अर्ज) भरता येतो. जोडीदार तीन वर्षं नागरिक असायला हवा, ती आहेच. त्या तीन वर्षांतले निदान अठरा महिने तो प्रत्यक्ष अमेरिकेत असायला हवा. म्हणजे आजच भरता येईल बहुतेक.

केळफूल
अगं/अहो (काय म्हणू?) हे त्यांना खरंच माहीत नव्हतं! पाच वर्षांचंच धरून बसले होते. लगेच फोन करते.

दुपारचा चहा
अहो चालेल. :) अजून एक. आईसाठी तो सारखा सांगलीला जात असेल, तर एका दमात सहा महिन्यांच्या वर बाहेर राहू नये. सलग वास्तव्य तुटलं असं धरतात आणि मग सिद्ध करत बसावं लागतं. शपथविधी झाला की सर्टिफिकेट हातात घेऊन त्याच रात्री आय-१३० ऑनलाइन भरता येतो. आईवडील 'इमीडिएट रिलेटिव्ह'मध्ये येतात, भावाबहिणींसारखी वर्षानुवर्षांची रांग नाही. तरी सगळं धरून वर्षाच्या वरच जातं. आय-१३० मंजूर, मग नॅशनल व्हिसा सेंटर, मग मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीत मुलाखत.

पायवाट
मी जरा कडू बोलतो, रागावू नका. एवढा खटाटोप कशाला? सांगलीत रिक्षावाल्यापासून फिजिओथेरपिस्टपर्यंत सगळे मराठी बोलतात, दारावर भाजी येते, शेजारच्या काकू दिवसातून दोनदा डोकावतात. इकडे नवरा-बायको सकाळी सातला बाहेर, पोरगं डे-केअरला, आणि ही बाई अपार्टमेंटमध्ये टीव्हीसमोर. बाहेर बर्फ. स्ट्रोकचा पेशंट, बोलणं अडखळतं, त्यात भाषा परकी. मुलाचं मन शांत व्हावं म्हणून आईला उचलून आणतात लोक. पाहिलंय मी.

हळदीचं पान
पायवाट, शेजारच्या काकू डोकावतात हे खरं. पण रात्री दोन वाजता बाथरूममध्ये पडल्यावर काकू येत नाहीत. ब्यूरोची बाई खाली सतरंजी टाकून झोपलेली असते, तिला हाक ऐकू गेली तर गेली.

पायवाट
मान्य. पण एडिसनलाही रात्री दोनला मुलगा आहे आणि दुपारी दोनला कोणी नाही. माझा प्रश्न तोच आहे. दुपारी दोनला कोण?

ओवा
वकील नाही, पण माझ्या आईवडिलांचं करून झालंय म्हणून व्हिजिटर व्हिसाबद्दल लिहिते.

'आणा आणि इथेच करा' म्हणणारे अर्धंच सांगतात. नागरिक मुलाच्या आईला अमेरिकेत असताना स्टेटस बदलून, म्हणजे इथूनच ग्रीन कार्ड, घेता येतं हे खरं. पण विमानतळावर अधिकारी विचारतो, कशासाठी आलात, किती दिवस राहणार? मनात कायमचं राहायचं आहे आणि तोंडाने 'नातवाला भेटायला' म्हणायचं, हा खोटेपणा ठरू शकतो आणि त्याची शिक्षा आयुष्यभर पुरते. खरोखर भेटायला आल्या, इथे परिस्थिती पालटली, बेत बदलला, तर ती गोष्ट वेगळी. पण ते आधी ठरवून 'पालटत' नाही. आणि अडखळत बोलणाऱ्या, थकलेल्या बाईंना त्या काउंटरवर हे नाटक करायला लावायचं?

आणि इथे तर मुलगा अजून नागरिकच नाही. आत्ता आणलं तर आय-९४ वर (प्रवेशाची नोंद) सहा महिन्यांची मुदत मिळेल, मग मुदतवाढीचा आय-५३९, आणि तेवढ्यात एन-४०० झाला तर ठीक, नाही तर अधांतरी. स्टेटसचा अर्ज प्रलंबित असताना परवान्याशिवाय देश सोडला तर तो अर्ज सोडून दिला असं धरतात. सांगलीत कुणाचं काही झालं तरी आई अडकल्या.

उलटही लक्षात ठेवा. आय-१३० एकदा भरला की व्हिजिटर व्हिसावर येताना 'तुमचा तर कायमचं राहायचा बेत दिसतोय' हा प्रश्न हमखास येतो. म्हणजे भेटायला आणायचंच असेल तर ते आधी, खरंखुरं परतीचं तिकीट काढून.

निरंजन७
सगळे असंच करतात हो. आमच्या ओळखीत पाच घरं सांगतो.

ओवा
पाच घरांतल्या कुणाला स्ट्रोक आला होता का? ठणठणीत आईवडील सहा महिने इथे विम्याविना काढू शकतात. या बाईंचं एकदा इमर्जन्सीत जाणं झालं की घराच्या डाउन पेमेंटएवढं बिल.

कोपऱ्यातली खुर्ची
विम्यावर मी बोलतो, माझं रोजचं काम तेच आहे. आणि माझ्या मते व्हिसाआधी ह्याचाच विचार व्हायला हवा.

व्हिजिटर इन्शुरन्स नावाचं जे ऑनलाइन मिळतं ते पडलं-झडलं, ताप आला, हाड मोडलं ह्यासाठी. आधीपासूनचा आजार त्यात नाही. जाहिरातीत 'ॲक्यूट ऑनसेट' असं मोठ्या अक्षरात लिहितात. म्हणजे जुना आजार अचानक, पूर्वसूचना न देता उसळला आणि तुम्ही ठरलेल्या तासांच्या आत उपचार घेतले तर. त्यालाही वयाची मर्यादा, आणि सत्तरीनंतर रक्कम झपकन खाली येते. स्ट्रोक होऊन काही महिने झालेल्या, क्रिएटिनिन तीन असलेल्या पेशंटला ह्याचा भरवसा धरू नका. स्वस्तातल्या फिक्स्ड बेनिफिट पॉलिसीत तर आयसीयूच्या एका दिवसाला जी रक्कम लिहिलेली असते ती वाचून हसू येतं.

ग्रीन कार्डवर आल्या तर चित्र पुष्कळ वेगळं. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) लगेच नाही. ६५ च्या वरच्या ग्रीन कार्डधारकाला सलग पाच वर्षं राहिल्यावरच ते विकत घेता येतं, आणि इथे नोकरीचा इतिहास नसल्याने एकट्या पार्ट एचाच (हॉस्पिटलचा भाग) हप्ता महिन्याला पाचशे डॉलरच्या वर. मेडिकेडलाही (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) १९९६ च्या कायद्यापासून बहुतेक प्रौढांना पाच वर्षांची अट आहे. मात्र ओबामाकेअरचा प्लॅन मिळतो. न्यू जर्सीत 'गेट कव्हर्ड एनजे' या सरकारी साइटवर. तिथे जुन्या आजारावरून नाकारता येत नाही आणि वय कितीही असो, हप्ता ६४ वर्षांच्या माणसाएवढाच. सबसिडी नाही धरली तर महिन्याला हजार डॉलरच्या वर तयारी ठेवा. आईला टॅक्समध्ये डिपेंडंट दाखवलं तर मुला-सुनेचं उत्पन्न मोजतात, म्हणून सबसिडीची फार आशा नको.

आल्यापासून साठ दिवसांची खिडकी असते. ती हुकली तर पुढच्या ओपन एन्रोलमेंटपर्यंत (वर्षातून एकदाची नोंदणी) थांबा. लोक जेटलॅग, सोशल सिक्युरिटी नंबर, नातेवाइकांची जेवणं ह्यात ते साठ दिवस घालवतात. पहिल्या आठवड्यात करा.

अवांतर: मुलगा आय-८६४ वर (आईच्या खर्चाची हमी) सही करतो तेव्हा तो सरकारशी करार असतो. गरिबीरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवायचं, आणि ती जबाबदारी आई नागरिक होईपर्यंत किंवा कायमची परत जाईपर्यंत चालू. आईच्या इथल्या नोकरीच्या चाळीस तिमाह्या भरल्या तरी ती सुटते, पण ७२ व्या वर्षी त्या काही भरणार नाहीत.

पियू टोरांटो
कॅनडाची माहिती ज्यांना हवी त्यांच्यासाठी: आईवडील-आजीआजोबांना सुपर व्हिसा आहे, एका वेळी पाच वर्षं राहता येतं. विमा निदान एक लाख डॉलरचा, एक वर्षाचा, आणि मेडिकल द्यावी लागते. जुन्या आजाराचं रडगाणं तिथेही तेच. पीआर (कायमचं वास्तव्य) मात्र लॉटरी.

सावली लंडन
इंग्लंडचं तर विचारूच नका. २०१२ पासून नियम असा की आईला रोजची शुश्रूषा लागतेय आणि ती मायदेशात पैसे मोजूनही मिळत नाही हे सिद्ध करा. भारतात बाई मिळते म्हटल्यावर खटला तिथेच संपतो. तुम्हाला निदान दार तरी आहे.

डॉ. वडाचा पार
मी किडनीचा डॉक्टर. पेशंट न बघता सल्ला देत नाही, पण केळफूल, हे त्यांना विचारा.

एक, क्रिएटिनिन तीन आहे हे ठीक, पण सहा महिन्यांपूर्वी किती होतं? स्थिर आहे की चढतंय? ७२ वर्षांच्या बाईत तीन म्हणजे किडनी बरीच खालावलेली. वर्षभरात डायलिसिस लागेल असं मिरजेच्या डॉक्टरांना वाटत असेल तर सगळा बेत त्याभोवती आखा. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, आणि नेणं-आणणं वेगळं. इथे विमा नसलेल्यांना काही राज्यांत जिवावर बेतल्यावर इमर्जन्सीतूनच डायलिसिस मिळतं. मी ते पाहिलंय. कुणाच्या आईवर ती वेळ येऊ नये.

तिकडे, उलट, महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं, आणि सत्तरीच्या वरच्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड २०२४ पासून मिळतं, पाच लाखांपर्यंत. आईंचं काढलंय का? नसेल तर आधी ते काढा. इकडे यायला वर्ष-दीड वर्ष लागणार असेल तर तेवढा काळ तिथेच काढायचा आहे.

दोन, विमान. केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांवर असते तेवढी विरळ असते. महाबळेश्वर साडेचार हजार. हृदय-फुप्फुस बरं असेल तर चालतं. ऑक्सिजन लागत असेल तर स्वतःचं सिलिंडर नेता येत नाही, पोर्टेबल काँसन्ट्रेटर लागतो आणि बॅटरी प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल एवढी मागतात. मुंबईहून थेट विमान सोळा तासांच्या आसपास, म्हणजे बॅटऱ्यांचीच एक पिशवी. विमान कंपनीचा मेडिफ फॉर्म असतो, तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून भरून घ्यायचा. नुसत्या 'फिट टू फ्लाय' चिठ्ठीवर काउंटरला वाद होतात.

तीन, बसून बसून पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून काय करायचं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. इथलं वाचून गोळ्या घेऊ नका.

हळदीचं पान
विमानाचं थोडं माझ्याकडून. व्हीलचेअर बुक करताना नुसतं 'व्हीलचेअर' म्हणू नका. तीन प्रकार असतात. जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, तो डब्ल्यूसीएचआर. जिना नाही पण सीटपर्यंत चालता येतं, तो डब्ल्यूसीएचएस. सीटपर्यंत उचलूनच न्यावं लागतं, तो डब्ल्यूसीएचसी, ह्यात विमानाच्या बोळात मावेल अशी अरुंद खुर्ची आणतात. काठी घेऊन चालणाऱ्या आईंना लोक पहिला प्रकार घेतात आणि बसमधून शिडीपाशी उतरल्यावर रडकुंडीला येतात.

सीट बाथरूमजवळची, आयलची, आणि त्यांची डावी बाजू आयलकडे येईल अशी. उजवा हात चालत नाही ना, मग धरायला डावाच. डायपर घालायला आईंना लाज वाटेल. आदल्या दिवशी बहिणीने किंवा बाईने समजावावं, मुलाने नाही. गोळ्या हातातल्या पर्समध्ये, मूळ पाकिटासकट, इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह. इन्सुलिन सामानात टाकायचं नाही, खाली गोठतं.

भडंगवाला
मी सांगलीचाच, विश्रामबागला राहतो. कागदांचं कुणीच काढलं नाही, म्हणून लिहितो. हितं लोक सगळ्यात जास्त तिथंच अडकतात.

मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव काय आहे ते आधी बघा. आपल्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं दवाखान्यात मामानं माहेरचं नाव सांगितलं, ते दाखल्यावर चढलं. पासपोर्टवर सासरचं नाव. आधारवर स्पेलिंग तिसरंच. आणि बाळाच्या नावाच्या जागी नुसती रेघ, कारण बारसं व्हायच्या आधीच नोंद झाली! अमेरिकेच्या साहेबाला ही दोन वेगळ्या बायका वाटतात. मुलाचं आणि आईचं नातं सिद्ध करायचं तर ह्या दाखल्यावरच सगळा डोलारा.

काय करायचं? महापालिकेतून दाखला नवीन काढून घ्या, बाळाचं नाव घालून. आईच्या दोन नावांसाठी नोटरीचं प्रतिज्ञापत्र, जुनी लग्नपत्रिका असेल तर ती, राजपत्रात नावबदल छापला असेल तर उत्तमच. आईंचा स्वतःचा जन्मदाखला बहुतेक नसणार. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदाच १९६९ चा. मग ग्रामपंचायतीकडून 'नोंद आढळत नाही' असा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला. मराठीतल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी भाषांतर सही-शिक्क्यासह.

ह्यातलं काही व्हिसाच्या तारखेची वाट बघत नाही. पोरगा तिकडं शपथ घेईपर्यंत हितं फाईल तयार करून ठेवता येते. मी जाऊन येतो की महापालिकेत, त्यात काय.

ओवा
भडंगवाला, तुम्हाला साष्टांग. आमचं काम या एका कागदावर महिनोनमहिने अडलं होतं.

केळफूल
सगळ्यांचे खूप आभार. काल त्यांच्या घरी जाऊन आले, सगळं वाचून दाखवलं. पायवाट, तुमचा दुपारी दोनचा प्रश्नही.

एन-४०० या आठवड्यात भरतायत. व्हिजिटर व्हिसावर आत्ता आणायचं नाही असं ठरलंय, निदान मिरजेचे डॉक्टर किडनीबद्दल काय म्हणतात ते कळेपर्यंत. मग कुणीतरी आईंनाच फोन लावला. इतके दिवस सगळे आपापसातच ठरवत होते! आई म्हणाल्या, "येते की. पण घर विकू नका, आणि तिथं मला दिवसभर कुलपात ठेवणार असाल तर आधीच सांगा." शब्द अडत होते, पण 'कुलपात' अगदी स्वच्छ म्हणाल्या.

आता दिवसभराचं काय करता येईल ते सुचवा.

दुपारचा चहा
एफएमएलए या केंद्रीय रजेच्या कायद्याखाली आईच्या आजारपणासाठी मुलाला बारा आठवडे बिनपगारी रजा मिळते, नोकरी शाबूत राहते. सुनेला सासूसाठी ती मिळत नाही. पण न्यू जर्सीचा फॅमिली लीव्ह इन्शुरन्स सासू-सासऱ्यांसाठीही आहे, त्यात पगाराचा काही भाग मिळतो. डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. दोघांनी एकदम न घेता पाठोपाठ घेतली तर सुरुवातीचे महिने घरी माणूस राहील.

आणि आईंची तब्येत मध्येच ढासळली तर मानवतेच्या कारणावरून अर्ज लवकर घ्या अशी विनंती करता येते. त्यांच्या भागातल्या काँग्रेस सदस्याचं ऑफिसही चौकशी करतं, एक संमतीपत्र भरून द्यायचं. चमत्कार नाही होत, पण फाईल कुणीतरी उघडून बघतं.

पायवाट
'कुलपात' वाचून मी गप्प झालो. मग एडिसनकडचं सांगतो. तिथे आपल्या लोकांसाठी ॲडल्ट डे केअर बरीच आहेत, व्हॅन घरून नेते-आणते, जेवण शाकाहारी, गप्पा बहुतेक गुजरातीत. सांगलीच्या बाईंना गुजराती जमेल का माहीत नाही, पण मुलगी बडोद्याला म्हणजे कानावर असेलच. बहुतेकांचे पैसे मेडिकेड भरतं, ते यांना नाही, तेव्हा रोख दर विचारून घ्या. घरी येणारी हेल्थ एड तासाला तीस डॉलरच्या घरात, एजन्सीची.

मी रिटायर्ड आहे, वुडब्रिजला राहतो. आल्या की मंगळवार-गुरुवार दुपारी जाऊन बसेन. पत्ते खेळता येतात का विचारा. डाव्या हाताने चालेल.

कोपऱ्यातली खुर्ची
पायवाट, तुम्हीच का ते 'कशाला आणता' म्हणणारे? :)

हॉस्पिटल बेड, कमोड खुर्ची, वॉकर विकत घेऊ नका. बऱ्याच गावांत लेंडिंग क्लोजेट असतं, वापरून परत करायचं. बाथटबच्या कडेला बसायची ट्रान्सफर बेंच मात्र आधीच लावून ठेवा, आपल्या आयांना टबमध्ये पाय उचलून टाकणं सगळ्यात अवघड जातं.

केळफूल
भडंगवाला, तुमच्यासाठी प्रश्न आहे. आईंची प्राथमिक शाळा तासगाव तालुक्यातल्या खेड्यात होती, जिल्हा परिषदेची. ती पटसंख्येअभावी बंद झाली म्हणे. शाळा सोडल्याचा दाखला आता कुणाकडे मागायचा?

भडंगवाला
शाळा बंद झाली तरी जनरल रजिस्टर कुठंतरी दिलेलं असतंय. बहुतेक जवळच्या शाळेत जिथं पोरं पाठवली तिथं, नाहीतर केंद्रशाळेत. दोन्हीकडं नाही मिळालं तर तासगावला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज द्यायचा. मुलाचं किंवा आईंचं सहीचं अधिकारपत्र लागेल, नाहीतर माझ्या हातात कोण देतंय. आईंचा अंगठा नको, डाव्या हातानं का होईना सही घ्या, पासपोर्टवरची सही उजव्या हाताची आहे, मग 'आजारपणामुळे सही बदलली' असं डॉक्टरांचं पत्र जोडा. गावाचं नाव, माहेरचं पूर्ण नाव आणि अंदाजे कितवीपर्यंत शिकल्या ते माझ्या विपुत (विचारपुशीत) टाका. सोमवारी तासगावला जायचंच आहे मला.